मोजणाऱ्याची मोजणी

सौर विजेचा इतिहास लिहिताना पॅनेलची कार्यक्षमता, तिची उतरत गेलेली किंमत आणि उभारलेले मेगावॅट यांचीच नोंद ठळकपणे घेतली जाते. ती पॅनेले प्रत्यक्षात काय करीत आहेत हे सांगणाऱ्या संवेदकांचा, म्हणजे ऊन, तापमान, विद्युतदाब आणि प्रवाह यांचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या लहान उपकरणांचा, इतिहास मात्र बाजूला राहतो, वास्तविक तो सौरघटाच्या इतिहासाहून कितीतरी जुना आहे. या इतिहासाच्या मुळाशी एकच अडचण आहे: मापनाचा आकडा बदलला तर मोजली जाणारी गोष्ट बदलली की मोजणारे साधन बिघडले, हे त्या एकट्या आकड्यावरून कधीही ठरत नाही. या अडचणीचे उत्तर प्रथम दुसऱ्या साधनात, पुढे आकाशाच्या नियमिततेत आणि अखेरीस विजेच्या समीकरणांत शोधले गेले. ग्रिडला जोडलेल्या आजच्या सौर केंद्रात ही तिन्ही उत्तरे एकत्र नांदत आहेत.

उन्हाची शक्ती मोजण्याचा पहिला भरवशाचा प्रयत्न क्लोद पुइये या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने 1837-38 च्या सुमारास केला. पाण्याने भरलेल्या, काजळी लावलेल्या धातूच्या डबीवर ऊन पाडून पाण्याचे तापमान किती चढते ते पाहायचे, अशी त्याची रीत होती. त्यावरून वातावरणाबाहेरच्या सूर्यप्रकाशाची तीव्रता त्याने आजच्या एककात दर चौरस मीटरला सुमारे 1,228 वॅट इतकी काढली, आजचे स्वीकृत मूल्य 1,361 च्या आसपास आहे. इतक्या साध्या साहित्यातून आलेला हा आकडा थक्क करणारा आहे आणि त्यातली तूटही मुख्यतः वातावरणातील शोषणाच्या अंदाजात राहिली होती. पुढे 1893 मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे क्नूट ऑन्गस्ट्रॉम याने एक वेगळी युक्ती योजली. त्याच्या यंत्रात दोन सारख्या काळ्या पट्ट्या असत, एकीवर ऊन पडे आणि दुसरी सावलीत ठेवून विजेने तापवली जाई. दोन्हींचे तापमान सारखे झाले की खर्च झालेली वीज हीच उन्हाची मोजणी ठरे. अज्ञात राशी ज्ञात राशीशी त्याच क्षणी आणि त्याच यंत्रात ताडून पाहण्याची ही कल्पना दोषशोधनाच्या सगळ्या पुढील परंपरेचे बीज मानावी लागते.

अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेतील चार्ल्स ग्रीली अ‍ॅबट याने वाहत्या पाण्याने उष्णता वाहून नेणारी स्वतंत्र प्रमाणयंत्रे उभी केली आणि त्यातून एक गंभीर विसंगती पुढे आली. ऑन्गस्ट्रॉमची 1905 ची मापनश्रेणी आणि स्मिथसोनियनची 1913 ची मापनश्रेणी एकाच सूर्याचे मूल्य सांगताना सुमारे साडेतीन टक्क्यांनी वेगळ्या पडत होत्या. दोन्हीकडचे संशोधक काटेकोर होते, दोन्ही यंत्रे आपापल्या परीने सुसंगत होती आणि तरीही निदान एक चुकत होते. याच अ‍ॅबटने सूर्याचे तेजच काही टक्क्यांनी कमीजास्त होते असे मानून दशकानुदशके चिलीच्या वाळवंटापासून अनेक कोरड्या, उंच ठिकाणी मोजमापे चालवली. त्याला दिसलेले बरेचसे चढउतार वातावरणाचे होते, सूर्याचे नव्हते, हे नंतर स्पष्ट झाले. त्याच्या चिकाटीबद्दल आदर वाटावा असेच ते काम आहे, आणि इतक्या सावध निरीक्षकालाही एका परीने स्वतंत्र साक्षीदार कमी पडला, हा त्यातला खरा धडा आहे.

साडेतीन टक्क्यांचा हा वाद मिटवण्यासाठी 1956 मध्ये आंतरराष्ट्रीय तडजोड झाली. ऑन्गस्ट्रॉम श्रेणी दीड टक्क्याने वर आणि स्मिथसोनियन श्रेणी दोन टक्क्यांनी खाली आणून आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी एकच मापनश्रेणी ठरवण्यात आली. 1959 पासून स्वित्झर्लंडमधील दावोस येथे, कार्ल डोर्नो याने 1907 मध्ये स्थापन केलेल्या वेधशाळेत, जगभरची प्रमाणयंत्रे साधारणपणे दर पाच वर्षांनी एकत्र आणून एकाच उन्हात शेजारी शेजारी ठेवण्याची प्रथा सुरू झाली. या तुलनांतूनच 1970 च्या दशकात जागतिक प्रारणमापन संदर्भ निश्चित झाला, 1980 पासून तो बंधनकारक ठरला आणि 1956 ची तडजोडीची श्रेणी प्रत्यक्षापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी खाली होती हेही त्यामुळे कळले. या संदर्भाची रचना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण तो एकाच सर्वोत्तम यंत्रावर सोपवलेला नाही. वेगवेगळ्या बनावटीच्या यंत्रांचा एक गट तो सांभाळतो, जेणेकरून त्यातले एक ढळले तर उरलेल्यांच्या तुलनेत ते उघडे पडावे.

या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा पुण्यात आहे. 1918 मध्ये केरळातील पीरमेड येथे जन्मलेल्या अ‍ॅना मणी यांनी बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणिक यांच्या वर्णपटांवर काम केले, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हवामानयंत्रांचे शिक्षण घेतले आणि 1948 मध्ये त्या भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयात रुजू झाल्या. आयात यंत्रांवर अवलंबून असलेल्या त्या काळात त्यांनी सुमारे शंभर हवामानयंत्रांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनवण्याची सोय केली आणि 1957-58 च्या भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने सौर प्रारण, म्हणजे सूर्याकडून किरणांच्या रूपाने येणारी ऊर्जा, मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. देशातील ऊनमापकांचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणयंत्राशी ताडून त्यांची मोजपट्टी नक्की करणे, पुण्यातच होऊ लागले, आणि आशियासाठीचे एक प्रादेशिक प्रारणकेंद्र म्हणून पुण्याला जागतिक मान्यताही मिळाली. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेली मणी यांची भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीची हस्तपुस्तिका पुढील पिढीच्या अभियंत्यांना हाताशी मिळाली, ती या कंटाळवाण्या आणि कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या तुलनांच्या जोरावर. महाराष्ट्राच्या विज्ञानेतिहासात या कामाला मिळायला हवे तितके स्थान अजून मिळालेले नाही.

तुलनेची शिस्त सुटली की काय होते, याचे सर्वात बोलके उदाहरण अमेरिकेच्या हवामानखात्याचे आहे. तेथील जाळ्यात वापरले जाणारे पायरॅनोमीटर, म्हणजे सगळ्या आकाशातून सपाट पृष्ठावर येणारे ऊन मोजणारे यंत्र, काळ्या आणि पांढऱ्या वर्तुळांच्या तापमानातील फरकावर चालत असे. काळे वर्तुळ ऊन शोषून तापायचे, पांढरे ते परतवून थंड राहायचे आणि त्या फरकातून सूक्ष्म विद्युतदाब निर्माण व्हायचा. वर्षानुवर्षे उन्हात राहून काळ्या लेपाचा रंगच उतरत गेला, तो कमी ऊन शोषू लागला आणि जणू देशभर सूर्यच हळूहळू मंदावत असल्याचे आकडे जमा होऊ लागले. बिघाड अचानक झाला असता तर तो त्याच दिवशी ध्यानात आला असता. हा ढळ मात्र इतका सावकाश होता की कालच्या आकड्याशी आजचा आकडा नेहमीच जुळत राहिला. आकडेवारीचा दर्जा इतका खालावला की 1970 च्या दशकाच्या आरंभी या जाळ्याची आकडेवारी प्रसिद्ध करणेच थांबवावे लागले, आणि त्यानंतर लवकरच 1973 च्या तेलसंकटाने सौर ऊर्जेची निकड निर्माण होऊन नेमकी तीच आकडेवारी सर्वांना हवीशी झाली.

तेव्हा जुन्या नोंदी टाकून न देता त्या दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले गेले आणि त्यासाठी वापरलेली युक्ती या सगळ्या इतिहासातील एक मोठे वळण ठरली. आकाश पूर्ण निरभ्र असताना आणि सूर्य माथ्यावर असताना विशिष्ट ठिकाणी, वर्षाच्या विशिष्ट दिवशी किती ऊन पडावे, हे सूर्य-पृथ्वीची भूमिती आणि वातावरणाचे गुणधर्म यांवरून पुरेशा अचूकपणे सांगता येते. म्हणून प्रत्येक केंद्राच्या नोंदींतून अशा निरभ्र मध्यान्हीचे आकडे वेचून ते अपेक्षित मूल्याशी ताडले गेले, त्यातून यंत्र कोणत्या काळात किती ढळले होते याचे गुणक काढले गेले आणि त्या गुणकांनी मधल्या सर्व ढगाळ तासांचे आकडेही सुधारले गेले. 26 केंद्रांच्या अशा पुनर्वसित नोंदी सोलमेट या नावाने उपलब्ध झाल्या. ज्या यंत्राशी तुलना करायची ते दुसरे यंत्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते, त्याची जागा एका गणिती अपेक्षेने घेतली होती. तीस-चाळीस वर्षांनी संगणक इन्व्हर्टरच्या आत जे करू लागले, त्याचे मूळ तत्त्व येथे सिद्ध झालेले होते.

पायरॅनोमीटर या यंत्रप्रकाराचा आणखी एक दोष रात्रीच्या नोंदींतून कळला. रात्री ऊन शून्य असते, तरी पायरॅनोमीटर अनेकदा दर चौरस मीटरला काही वॅट ऋण आकडा दाखवतो, कारण त्यावरचा काचेचा घुमट थंड आकाशाकडे उष्णता सोडून आतल्या पृष्ठभागापेक्षा गार होतो. पूर्वी हा ऋण आकडा शून्य मानून पुसून टाकण्याची पद्धत होती. तीच घट दिवसाही होत असते, फक्त मोठ्या आकड्याखाली ती झाकली जाते, हे लक्षात आल्यावर 2000 सालाच्या सुमारास दिवसाच्या मूल्यांतही सुधारणा सुचवल्या गेल्या. निरर्थक समजून पुसलेला आकडा हाच यंत्राचा कबुलीजबाब होता.

दरम्यान, सिलिकॉनचा उपयोगी सौरघट 1954 मध्ये बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी दाखवला. ग्रिडला जोडलेले पहिले मेगावॅट क्षमतेचे केंद्र 1982 मध्ये कॅलिफोर्नियात उभे राहिले, आणि जर्मनीने 1990 पासून हजार छपरांची योजना राबवून दोन हजारांहून अधिक घरांवर ग्रिडशी जोडलेल्या यंत्रणा बसवल्या. त्यांच्या नोंदींची तुलना करता यावी म्हणून मोजणीचे नियम लागले, आणि आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने 61724 या क्रमांकाचे मानक 1998 मध्ये प्रसिद्ध करून 2017 मध्ये ते आमूलाग्र सुधारले. पडलेल्या उन्हाच्या मानाने केंद्राने अपेक्षेच्या किती प्रमाणात वीज दिली, हे सांगणारे कार्यगुणोत्तर हे या नियमांतील मध्यवर्ती माप आहे. त्यातला एक सापळा असा की ऊनमापकाच्या काचेवर पॅनेलइतकीच धूळ बसली तर ऊन कमी आणि वीजही कमी असे दिसून गुणोत्तर निर्दोष राहते, आणि ऊनमापक पॅनेलपेक्षा अधिक मळला तर केंद्र आहे त्याहून चांगले चालल्याचा भास होतो. पॅनेलच्या पाठीला चिकटवलेला तापमापक सुटून लोंबू लागला तर तो हवेचे तापमान सांगतो, आणि उन्हाने तापलेले पॅनेल कागदोपत्री थंड राहते.

हे दोष नोंदवहीचे नुकसान करतात, इन्व्हर्टरमधील दोष मात्र वीजप्रवाहावरच परिणाम करतात. पॅनेलमधून येणारी एकदिश म्हणजे डीसी वीज ग्रिडच्या एसी विजेत रूपांतरित करणारे हे यंत्र दर सेकंदाला हजारो वेळा दाब आणि प्रवाह वाचते आणि त्या वाचनावरून पुढची कृती ठरवते. प्रवाह वाचण्यासाठी बहुधा एडविन हॉल याने 1879 मध्ये शोधलेला परिणाम वापरतात. प्रवाहाभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे अर्धवाहकाच्या पट्टीवर आडवा दाब निर्माण होतो, तोच मोजायचा. तापमान बदलले, किंवा एखाद्या मोठ्या प्रवाहानंतर गाभ्यात चुंबकत्व उरले, तर प्रवाह नसतानाही आकडा दिसू लागतो, त्याला शून्यदोष म्हणता येईल. खरा आकडा ठरावीक पटीने फुगला किंवा आटला तर तो पटदोष, आणि याशिवाय आकडा एका जागी गोठणे, तार तुटणे, गोंगाट वाढणे हे प्रकार असतात. या दोषांचे परिणाम सारखे नसतात. पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढण्यासाठी इन्व्हर्टर दाब थोडा हलवून दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार वाढला की घटला ते पाहतो. प्रवाहात केवळ पटदोष असेल तर सगळेच गुणाकार त्याच पटीने बदलतात आणि शिखराची जागा तीच राहते. शून्यदोष असेल तर मात्र शिखरच सरकते आणि केंद्र रोज थोडी वीज गमावत राहते. ग्रिडकडील संवेदकात शून्यदोष आला तर एसी विजेत डीसीची भेसळ होते, तिने वितरण रोहित्राचा गाभा संपृक्त होऊन ते तापते. म्हणूनच अशी भेसळ यंत्रणेच्या क्षमतेच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावी, असा दंडक अमेरिकेच्या 2003 च्या मानकात घातला गेला आणि भारताच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांतही आला.

या ठिकाणी जुन्या निरीक्षकांना कधीच न भेटलेली एक अडचण उभी राहते. दावोसचे किंवा पुण्याचे यंत्र चुकले तरी सूर्य त्याप्रमाणे बदलत नव्हता. इन्व्हर्टरचा नियंत्रक मात्र संवेदकाच्या सांगण्यावरून प्रत्यक्ष परिस्थिती बदलतो. आतील धारित्रावरचा दाब 700 व्होल्ट राखायचा असेल आणि संवेदक पाच टक्के कमी दाखवत असेल, तर वाचन 700 येईपर्यंत नियंत्रक खरा दाब वाढवत नेतो, तो सुमारे 737 व्होल्टवर पोहोचतो आणि पडद्यावर सारे काही आदर्श दिसते. खोटा आकडा येथे खटकण्याऐवजी अपेक्षेशी तंतोतंत जुळतो. दुरुस्त करणारी यंत्रणाच दोष लपवते, आणि म्हणून वाचन अपेक्षेइतके आहे की नाही हे पाहून काहीच निष्पन्न होत नाही. ते वाचन इतर वाचनांशी सुसंगत आहे की नाही, हेच पाहावे लागते.

सुसंगतीची सर्वात साधी कसोटी किर्खोफ याने 1845 मध्ये मांडलेल्या नियमात आहे: तीन तारांच्या तीन-फेज जोडणीत तिन्ही प्रवाहांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य असली पाहिजे. ती शून्य नसेल तर निदान एक संवेदक खोटे बोलतो आहे हे निश्चित होते, कोणता ते मात्र कळत नाही. खर्च वाचवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी दोनच फेजमध्ये संवेदक बसवून तिसरा प्रवाह गणिताने काढतात, त्यात बेरीज नेहमीच शून्य येते आणि ही फुकटात मिळणारी कसोटी हातची जाते. ही काटकसर महागात पडणारी आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

‘कोणता’ या प्रश्नाचे उत्तर विमानविद्येतून आले. तेथे तीन किंवा चार सारखे संवेदक लावून बहुमताने निर्णय घेण्याची पद्धत होती, पण वजन आणि खर्च दोन्ही वाढत. रुडॉल्फ काल्मन याने 1960 मध्ये आणि डेव्हिड लुएनबर्गर याने 1964 मध्ये अशा पद्धती मांडल्या होत्या की यंत्रणेची समीकरणे संगणकात समांतर चालवून न मोजलेल्या राशींचाही अंदाज घेता यावा. मापन आणि अंदाज यांतला फरक, ज्याला शेष म्हणतात, तो निरोगी यंत्रणेत शून्याभोवती राहतो. 1971 मध्ये एमआयटीतील रिचर्ड बिअर्ड याने हा शेष प्रत्येक दोषागणिक वेगळ्या दिशेने वाढावा अशी रचना कशी करायची ते दाखवले, आणि 1977 मध्ये नासाच्या एफ-8 या प्रायोगिक विमानासाठी मांडलेल्या पद्धतीत दोनच संवेदक ठेवून, त्यांच्यात मतभेद झाला की समीकरणांनी निवाडा द्यायचा, अशी व्यवस्था होती. तिसऱ्या साक्षीदाराची जागा भौतिकशास्त्राने घेतली. ग्रिडच्या बाजूला हाच विचार स्वतंत्रपणे रुजला. 1965 मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात झालेल्या मोठ्या वीजखंडानंतर ग्रिडची खरी अवस्था कळण्याची गरज तीव्र झाली आणि 1970 मध्ये एमआयटीतीलच फ्रेड श्वेप्पे याने संपूर्ण जाळ्यातील शेकडो सदोष मोजमापांतून सर्वात संभाव्य अवस्था काढण्याची आणि न जुळणारी मोजमापे हुडकण्याची रीत मांडली.

सौर इन्व्हर्टरमध्ये हे दोन्ही विचारप्रवाह एकत्र आले. तीन-फेज राशी ग्रिडच्या गतीने फिरणाऱ्या चौकटीतून पाहिल्या की त्या जवळपास स्थिर दिसतात, ही रॉबर्ट पार्क याने 1929 मध्ये दिलेली दृष्टी येथे उपयोगी पडते. त्या चौकटीत एका संवेदकाचा शून्यदोष 50 हर्ट्झची लहर म्हणून उमटतो, तर फेजमधील असमान पटदोष 100 हर्ट्झची. लहरीवरून दोषाची जात कळते, तिच्या उंचीवरून मात्रा कळते, आणि तेवढी वजावट करून वाचन दुरुस्तही करता येते. दोष याहून गंभीर असेल तर ते वाचन सोडून देऊन समीकरणांनी दिलेला अंदाज नियंत्रकाला पुरवतात आणि केंद्र बंद न पडता चालत राहते. यातही मर्यादा आहेत. ग्रिडचाच दाब तिन्ही फेजमध्ये असमान झाला तरी 100 हर्ट्झची लहर येते, तेव्हा निर्दोष संवेदकावर ठपका येऊ नये म्हणून दाबाची स्वतंत्र तपासणी लागते. शेषाची मर्यादा फार खाली ठेवली तर ढग सरकताच धोक्याची सूचना वाजते, फार वर ठेवली तर सावकाश ढळ निसटतो, आणि धारित्र किंवा कॉइल जुनी होऊन समीकरणातील स्थिरांकच बदलले तर न्यायाधीशच चुकीचा ठरतो. शून्यदोषासाठी सर्वात खात्रीचा उपाय अजूनही साधाच आहे: इन्व्हर्टर सुरू होण्यापूर्वी, प्रवाह निश्चितपणे शून्य असताना, संवेदक जे दाखवतो ते टिपून ठेवायचे आणि दिवसभर वजा करायचे.

भारतात 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली, 2011 पासून देशभर प्रारणमापनाची 51 नवी केंद्रे उभारली गेली आणि 2013 मध्ये धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात महानिर्मितीचे 125 मेगावॅटचे केंद्र कार्यान्वित झाले. मोजणीच्या चुकीला पैशाचे मोल आले ते त्यानंतर. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2018 च्या विनियमांनी सौर आणि पवन केंद्रांवर आगाऊ अंदाज देण्याचे आणि तो उपलब्ध क्षमतेच्या 15 टक्क्यांहून अधिक चुकल्यास आकार भरण्याचे बंधन घातले. ढळलेल्या ऊनमापकावर बेतलेला अंदाज रोज थोडा चुकतो, आणि तो दोष हवामानाचा समजला जाण्याचा संभव सर्वाधिक असतो.

सुसंगतीच्या कसोटीची सर्वात मोठी उणीव 2009 मध्ये याओ लिउ, पेंग निंग आणि मायकेल रायटर यांच्या संशोधनाने उघड केली. जाळ्याची समीकरणे ज्याला ठाऊक आहेत अशा घुसखोराने अनेक मोजमापे एकाच वेळी, त्या समीकरणांना पटतील अशाच बेताने बदलली, तर शेष शून्यच राहतो आणि श्वेप्पेपासून चालत आलेली तपासणी काहीही शोधू शकत नाही. एकाच कारणाने, उदाहरणार्थ एकाच कारखान्याच्या एकाच तुकडीतील घटकांनी, अनेक संवेदक एकाच दिशेने ढळले तरी परिस्थिती फारशी वेगळी नसते. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मोठ्या केंद्रांचे आकडे उपग्रहावरून काढलेल्या उन्हाशी, शेजारच्या केंद्रांच्या उत्पादनाशी आणि वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या मापकांशी ताडले जाऊ लागले आहेत, तर ऊनमापक पूर्वीप्रमाणेच ठरावीक मुदतीने खांबावरून उतरवून प्रमाणयंत्राशेजारी ठेवण्यासाठी पाठवले जातात.